नफ्यातील वाटा

गुटखाबंदी महाराष्ट्रात २०१२ साली आली. गुटखा विकणारा टपरीवाला कायद्याने गुन्हेगार ठरतो. सिगारेटच्या नफ्याचा वाटेकरी मात्र सज्जनच राहतो. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. आयुष्याचा विमा उतरवणाऱ्या आयुर्विमा महामंडळाने सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीचे समभाग का बाळगावेत, हा तिचा प्रश्न. म्हणजे विम्याचे हप्ते भरणारे आम्ही कोथरूडकरही वाटेकरीच! पोप फ्रान्सिस यांनी २०१८ पासून व्हॅटिकनमधील सिगारेटविक्री थांबवली आणि तिचे उत्पन्न सोडले. हप्ता भरणे पाप नव्हे. परंतु कळल्यावरही मौन बाळगणे निर्दोष नाही. कायदा विक्रेत्याला जाब विचारतो. विवेकाने लाभार्थ्यालाही विचारावा.