हिशेबाबाहेरचा पाडा

संकर हा शब्द आपल्या भाषेत मोठ्या वाईट संगतीत वाढला. कुरुक्षेत्रावर अर्जुनाने जी भीती बोलून दाखवली तिच्यात तो आहे, आणि तेव्हापासून शतकानुशतके तो जेथे जेथे उच्चारला गेला तेथे तेथे त्याच्यामागे अधःपाताची सावली उभी राहिली. गेल्या शतकातील साठीच्या दशकात शेतीखात्याने तोच शब्द उचलला, धुऊनपुसून घेतला आणि ज्वारीला लावला. लोकांनी संकरित ज्वारी पेरली, खाल्ली, तिच्यावर पोरे वाढवली; परंतु नावे ठेवायची वेळ आली तेव्हा तिचे इंग्रजी नाव बरोबर हाताशी धरले. एखादा नातू दोन जिने चढून धापा टाकू लागला की 'हायब्रीडची पिढी' असे म्हणणारे आजोबा अजून घरोघर आहेत. गाईला हा शब्द लागला तेव्हा आमच्या इन्सुलीसारख्या गावाने तो मुळी घेतलाच नाही. आमच्याकडे संकरित गाय कोणी म्हणत नाही. ती 'जर्शी'. मग तिच्या अंगात जर्सीचे रक्त किती, होल्स्टीनचे किती आणि तिच्या आजीचे किती, याची कोणी चौकशी करीत नाही.

दोन जातींची गुरे एकत्र आणून तिसरीच घडवावी, आणि ती आपल्या फायद्यासाठी घडवावी, हे नीतीला धरून आहे काय, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे. प्रश्न जुना आहे आणि त्याचे सोपे उत्तर देणारे लोक दोन्ही बाजूंना आहेत. एक म्हणतात, निसर्गाने केले ते शुद्ध, माणसाने केले ते भ्रष्ट. दुसरे म्हणतात, दूध वाढले ना? मग झाले तर! मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

शुद्धतेचा मुद्दा फार काळ टिकत नाही. आपल्याच महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली-मिरजेकडच्या संस्थानिकांच्या आश्रयाने कृष्णेच्या खोऱ्यात एक नवी जात घडली. काठेवाडची गीर, आंध्रातली ओंगोल, म्हैसूरकडची चपळ गुरे आणि तिथली गावठी, अशी रक्ते एकत्र आली. हेतू एकच होता : कृष्णाकाठच्या काळ्या, चिकट रानात नांगर ओढील असा धिप्पाड बैल हवा. तो मिळाला. आज त्या जातीची गुरे फार थोडी उरली आहेत, आणि आपण तिला 'आपली जुनी देशी जात' म्हणून जपू पाहतो. काल ज्याला संकर म्हटले त्याला आज वारसा म्हणतो. तेव्हा संकर हेच पाप असेल तर आपल्या गोठ्यातले बहुतेक पुण्य संशयास्पद ठरेल.

मात्र या उदाहरणातली एक गोष्ट सहज नजरेआड होते. त्या संकरात नर हवा होता आणि मादीही हवी होती. नर जुवाखाली जाई, मादी दूध देई आणि पुढचा बैल देई. जन्मणारे प्रत्येक वासरू कोणाच्या तरी हिशेबात होते.

आता जरा दूर जाऊ. भारतातून गेलेल्या गुरांपासून अमेरिकेत 'ब्रह्मन' नावाची जात घडवली गेली. तिच्या पैदासकारांची संस्था १९२४ साली निघाली. नाव ब्रह्मन आणि जन्म मांसासाठी, हा योग पाहून आपल्याला हसावे की रडावे हे कळत नाही. टेक्सासमधल्या किंग रँचवर इंग्लंडची शॉर्टहॉर्न गुरे उष्म्याने आणि गोचिडांनी हैराण होत. तिथल्या मालकांनी त्यांच्यात वशिंडाच्या गुरांचे रक्त मिसळले. १९२० साली जन्मलेला 'मंकी' नावाचा एक वळू त्या कुळाचा मूळपुरुष ठरला. आठात तीन भाग ब्रह्मन आणि पाच भाग शॉर्टहॉर्न अशी ती सांता गेर्ट्रुडिस जात १९४० साली सरकारमान्य झाली. ऊन सोसणारी, माळावर वाढणारी, चांगले मांस धरणारी. मालकाला नफा झाला.

आपल्यापैकी पुष्कळांना हे वाचूनच कसेसे होईल. मलाही होते. परंतु प्रामाणिकपणे पाहायचे तर त्या निष्ठुर हिशेबातसुद्धा नर वासराला जागा आहे. किंबहुना मांसाच्या कळपात नर वासरू म्हणजेच नफा. त्याला आधी आईजवळ आणि मग तिच्यावाचून, औषधपाणी करून वाढवतात, कारण त्याच्या अंगावरचा प्रत्येक शेर तोलून विकायचा असतो. शेवट ठरलेला आहे आणि तो भयंकर आहे. पण तोपर्यंत त्याला कोणी उपाशी ठेवत नाही.

आपण त्या वाटेने गेलो नाही. आपण दुधासाठी संकर केला, आणि त्यामागचा हेतू लोभाचा नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९४६ साली गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले, त्यांनी गीर गाईंचा गोठा उभा केला आणि १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली. गरीब शेतकऱ्याच्या दारात एक चांगली दुभती गाय बांधली तर त्याचे घर उभे राहील, हा त्यांचा विचार. परदेशी वळूचे रेत उणे १९६ अंश तापमानाच्या नायट्रोजनमध्ये गोठवून खेडोपाडी पोचवण्याची व्यवस्था झाली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांची 'फुले त्रिवेणी' घडवली. ज्या घरात चहाला दूध नव्हते त्या घरातून डेअरीला कॅन जाऊ लागले. मुली शाळेत गेल्या, छपराची कौले झाली. हे सगळे खरे आहे, आणि जो कोणी शहरात बसून, त्याच दुधाचा चहा घेत, संकराला नावे ठेवतो त्याने हे आधी मोजावे.

पण आमच्या गावात गाय व्याली की एक प्रश्न विचारतात : "पाडी की पाडो?" माझ्या लहानपणीही हाच प्रश्न विचारीत. तेव्हा पाडी झाली तर दुधाची सोय, पाडा झाला तर पुढच्या जोताची सोय. उत्तर कोणतेही आले तरी चेहरा पडत नसे. आता चिखलणीला पॉवर टिलर येतो. जर्शीच्या पाड्याला वशिंड नावापुरते, त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही, आणि उन्हात तो लवकर दमतो. तेव्हा "पाडो" हे उत्तर आले की विचारणारा पुढे काही बोलत नाही.

माझ्या शेजारणीची गाय गेल्या पावसाळ्यात व्याली. पाडा झाला. आठ-दहा दिवसांत त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मी काही विचारण्याआधी तीच म्हणाली, "मास्तरांनू, तेका पाजू काय नि डेरीत घालू काय?" हा प्रश्न दुष्ट बाईचा नव्हे. वसुबारसेला ती गाईच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते, आणि ते मनापासून करते. हिशेब तिच्या बाजूने मांडून पाहू. पंचवीस किलोच्या वासराला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, म्हणजे रोज अडीच लिटर दूध लागते. तीन महिन्यांचे झाले सव्वादोनशे लिटर. समजा गाईने वेतभरात अडीच हजार लिटर दूध दिले, तर पाड्याचा वाटा शेकड्याला नऊ. रुपयातले नऊ पैसे. हे नऊ पैसे सोसणे तिला जड जाते, कारण पेंडीचा भाव तिच्या हाती नाही आणि दुधाचाही नाही. शिवाय तीन महिन्यांनी पाड्याचे आयुष्य संपत नाही. तेव्हा कुठे त्याच्या गवताच्या खर्चाला आरंभ होतो. पाडा जगला तर बारा-पंधरा वर्षे खाईल.

अशी घरे किती असतील याची कल्पना पशुगणनेवरून येते. २०१९ च्या विसाव्या गणनेत देशातला गोवंश १९ कोटी २५ लाखांच्या आसपास भरला, आणि त्यांतली पाच कोटींवर गुरे संकरित वा परदेशी होती. एकूण गोवंशात माद्या होत्या १४ कोटी ५१ लाख आणि नर सुमारे पावणेपाच कोटी. २०१२ पासूनच्या सात वर्षांत माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर ३० टक्क्यांनी घटले. निसर्ग तर पाडे आणि पाड्या जवळजवळ सारख्याच जन्माला घालतो. गाय जास्त वर्षे ठेवली जाते हे मान्य केले तरी एवढी तफावत भरून निघत नाही. उरलेले पाडे कुठे गेले हे कोणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांनाच थोडेथोडे ठाऊक आहे : कोणी विकले गेले, कोणी उपाशी गेले, कोणी रात्री दूरच्या रस्त्यावर सोडून दिले गेले. आमच्या गावावरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पावसाळ्यात कोरड्या जागेसाठी डांबरावर येऊन बसलेली गुरे पाहिली की त्यांत नर किती हे मी मोजतो.

कायद्याने काय केले? महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी केली. २०१५ साली दुरुस्ती होऊन बैल आणि वळू हेही त्या संरक्षणाखाली आले. आमच्यापासून काही कोसांवर गोव्याची हद्द लागते आणि तिथे बैलाबाबतचा कायदा वेगळा आहे. म्हणजे पाड्याचे नशीब ओढ्याच्या कोणत्या अंगाला तो जन्मला यावर काही अंशी ठरते. बंदी योग्य की अयोग्य, या वादात मी येथे शिरत नाही. तो वाद करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. मला एवढेच दिसते, की कायद्याने पाड्याला मारण्याची वाट बंद केली. त्याला पोसण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र सांगितले नाही. ती आपोआप माझ्या शेजारणीच्या पदरात पडली. गोमातेची पूजा सर्वांनी करावी आणि तिच्या मुलाचा खर्च एका घराने करावा, अशी ही वाटणी झाली.

येथे मला नीतीचा खरा प्रश्न दिसतो. जे वासरू रानात आपोआप जन्मते त्याची जबाबदारी कोणाची, यावर वाद होऊ शकेल. पण ज्याचा बाप आपण यादीतून निवडला, ज्याचा जन्म आपण दिवस मोजून घडवून आणला, त्याच्याबद्दल वादाला जागा नाही. जन्म घडवणारा हात फक्त निम्म्या जन्मांचा धनी होऊ शकत नाही. आणि हा हात एकट्या शेतकऱ्याचा नव्हे. रेत पुरवणारी खाती, दूध गोळा करणारे संघ, पिशवी फोडून चहा करणारे तुम्ही-आम्ही, असे सगळे त्या हाताची बोटे आहोत.

मग करावे काय? एक वाट विज्ञानाने काढली आहे. लिंग ठरवलेले रेत आता मिळते. त्यापासून शंभरांत नव्वदांच्या आसपास पाड्याच होतात. पाडा जन्मलाच नाही तर त्याच्या उपासमारीचा प्रश्न उरत नाही. मुलगी नको म्हणून गर्भ पाडणाऱ्या समाजाने गोठ्यात मात्र मुलगीच हवी म्हणून खटपट करावी, हे पाहून मन थोडे चरकते. तरीही जन्मून उपाशी मरण्यापेक्षा न जन्मणे बरे, असे मी म्हणेन. मात्र ही सोय गरिबाला परवडेल अशा दराने मिळाली पाहिजे.

दुसरी वाट जमीन पाहून चालण्याची आहे. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. येथे डोंगरउतार, अरुंद कुणगे आणि भातपेंढ्याचा चारा. येथे वाढलेली लहान चणीची गाय तांब्या-दीड तांब्याच दूध देते, पण पाऊस सोसते, काटक असते, आणि तिचा पाडा जिथे टिलर पोचत नाही त्या कुणग्यात नांगर ओढतो. या गुरांना 'कोकण कपिला' या नावाने २०१८ साली राष्ट्रीय नोंदणी मिळाली. आम्ही जिला 'गावठी' म्हणून वाटेल त्या रेताला लावीत होतो, तिला नाव होते असे कळले. प्रत्येक दारात जर्शीच हवी, हा हट्ट सोडण्यासारखा आहे. जिथे हिरवा चारा, पाणी आणि डॉक्टर आहे तिथे संकर करावा. जिथे नाही तिथे करू नये.

तिसरी वाट सर्वांत साधी आणि सर्वांत अवघड : पाड्याचे नऊ पैसे दुधाच्या भावात धरावेत. मोठ्या पाड्यांच्या चाऱ्याचा खर्च त्याहून पुष्कळ अधिक येईल, आणि तोही कोणीतरी द्यायचाच आहे. गोठ्याचा नफा काढताना ही रक्कम वजा केल्याखेरीज जो नफा दिसतो तो नफा नव्हे. ती पाड्याच्या तोंडची उचल आहे.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. वसुबारसेला आपण एकट्या गाईला पूजत नाही, सवत्स धेनूला पूजतो. ज्यांनी हा दिवस ठरवला त्यांनी वासराला आईपासून वेगळे काढले नाही, आणि ते पाडी असावे की पाडा, याची अटही घातली नाही. पुष्कळ घरांतून बायका त्या दिवशी दूधतूप खात नाहीत. एक दिवस तरी दूध ज्याचे त्याला असू द्यावे, असा अर्थ मी त्यातून घेतो. दुधाचा भाव दोन रुपयांनी चढला की आपण कुरकुर करतो. त्या दोन रुपयांतून पाड्याच्या वाट्याला काय गेले, असे यंदा विचारू या. आणि काहीच गेले नसेल तर कुरकुर त्यासाठी करू या.