सिद्ध झाले नाही, म्हणून मोकळे?



गुरुवारी छावणीच्या बाजारातून भाजीबरोबर पातळ पिशवी घरी येते आणि तासाभरात कचऱ्यात जाते. लोखंडी पुलाखालून अशा किती पिशव्या खाम नदीत वाहून गेल्या असतील! खाम पुढे गोदावरीला, नाथसागराला मिळते. आपल्या नळाचे पाणीही जायकवाडीचेच. पिशवी कुजत नाही. उन्हाने आणि घासून तिचे तुकडे होत राहतात, शेवटी डोळ्यांना न दिसणारे कण उरतात.

असा कण रक्तात शिरताच अल्ब्युमिनसारखी प्रथिने त्याला चिकटतात व त्यांचा थर बनतो. पेशीची गाठ पडते ती या थराशी. दृष्टी गेलेल्या इसहाकाने करडांची कातडी बांधलेले हात चाचपले आणि याकोबाला एसाव समजून आशीर्वाद दिला. तशी पेशीही फसू शकते आणि कणाला आत घेते. आत आलेले प्लॅस्टिक पचवण्याचे साधन तिच्याजवळ नाही. प्रयोगशाळेत काही पेशींमध्ये यामुळे दाह दिसला आहे. तेथील मात्रा मात्र पुष्कळदा आपल्या रोजच्या संपर्कापेक्षा मोठी असते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

२०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ जणांचे रक्त तपासले, तेव्हा १७ जणांत प्लॅस्टिक आढळले. २०२४ साली इटलीतील डॉक्टरांनी २५७ रुग्णांच्या मानेच्या धमनीतून काढलेला मेदाचा थर तपासला. १५० जणांत पॉलिथिलीन होते. पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका या रुग्णांत इतरांच्या साडेचारपट दिसला. प्लॅस्टिकच त्याला कारण, असे यातून सिद्ध होत नाही.

"मग फादर, सिद्ध नाही तर दोष कसला?" हा प्रश्न आम्हांला वरवरचा वाटत नाही. ज्याचा अपाय ठरलेला नाही, त्याचे पाप कसे मोजायचे? नीतिशास्त्रात यासाठी शिकाऱ्याचे एक जुने उदाहरण देतात. झुडूप हलते आहे. आत हरीण असेल, माणूसही असेल. त्याने बाण सोडू नये. पुढे हरीणच निघाले तरी बाण सोडणे चूकच, कारण दुसऱ्याचा जीव त्याने आपल्या अंदाजावर टांगला. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात, गंभीर व न भरून येणाऱ्या हानीची शक्यता असेल तेथे पूर्ण पुराव्याची वाट पाहू नये, हे रिओ परिषदेचे १९९२ चे तत्त्व उचलून धरले.

पण प्रत्येक शंकेला थांबलो तर जगणेच थांबेल. सलाइनची पिशवी प्लॅस्टिकची असते. ती नाकारणे हा शुद्ध वेडेपणा. तेथे गरज शंकेहून मोठी आहे. मिस्सानंतरच्या चहाच्या कपाबद्दल आम्हांला तसे म्हणता येत नाही. शिकाऱ्याला निदान भूक तरी असते!

आणि ओझे कोणी उचलायचे? महाराष्ट्रात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे. पिशवी मागतो आपण, दंडाची भीती मात्र टोपलीमागे बसलेल्या बाईला. तिने नाही म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे वळते. गुरुवारी घरून कापडी पिशवी नेणे आपल्याला जड नाही. तिला नाही म्हणणे जड आहे.