ताटाची डावी बाजू

श्रीखंड-पुरीचा पहिला दिवस सणाचा, दुसरा उरलंसुरलं संपवण्याचा, आणि तिसऱ्या दिवशी डब्याचं झाकण उघडलं तरी नको वाटतं. पुरणपोळी, बासुंदी, बिर्याणी, पावभाजी या सगळ्यांची हीच गत. ज्याची वर्षभर वाट पाहावी त्याला आपण दोन-तीन दिवसांत विटतो. उलट वरण-भात, पिठलं-भाकरी, कोकणातला भात नि माशाचं कालवण, गोव्यातली शीत-कडी हे जेवण माणसं चाळीस-पन्नास वर्षं जवळजवळ रोज जेवतात आणि कंटाळत नाहीत. या कोड्याची दोन उत्तरं तयार असतात: एक सवय, दुसरं आईच्या हातची चव. दुसऱ्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, तो भक्तीचा प्रांत आहे. पहिल्याकडे पुढे वळूच. माझ्या मते कंटाळा न येण्याचं कारण या जेवणाच्या रचनेत आहे. हे जेवण अपुरं असतं, आणि त्यातच त्याचा टिकाऊपणा आहे. ताटाच्या मधोमध जे वाढलं जातं ते सौम्य ठेवलेलं असतं. त्याला चव आणण्याचं काम ताटाच्या डाव्या बाजूकडे, म्हणजे चटणी, लोणचं, कोशिंबीर, लिंबाची फोड यांच्याकडे, आणि शेवटी जेवणाऱ्याच्या बोटांकडे सोपवलेलं असतं. पक्वान्न मात्र पुरं होऊनच पानात पडतं. त्यात आपण करायचं असं काही उरत नाही.

साधं वरण घ्या. शिजवून घोटलेली तूरडाळ, हळद, हिंग, मीठ, फार तर गुळाचा खडा. फोडणी, चिंच आणि गोडा मसाला पडला की ते वरण राहत नाही, आमटी होते. भातात तर बहुतेक ठिकाणी मीठही नसतं. या दोघांवर तूप आणि लिंबू येतं तेव्हा कुठे पहिला घास जमतो, आणि त्यापुढचा प्रत्येक घास खाणारा स्वतः जमवत जातो: एकाला लोणच्याचा खार, एकाला पापडाचा तुकडा, मग आमटी, शेवटी ताक नाहीतर दही. एकाच भाताचे एका बैठकीत तीन पदार्थ होतात आणि तेही पानात, चुलीवर नव्हे. भाकरीचं तर विचारूच नये. पीठ, पाणी आणि विस्तव, बस्स. सकाळी ती दूध-गुळाबरोबर चालते, दुपारी अंबाडीच्या भाजीबरोबर, रात्री पिठल्याबरोबर, आणि शिळी झाली तर ठेचा नि कच्च्या तेलाबरोबर आणखी बरी लागते. शिवाय डावी बाजू ऋतूप्रमाणे फिरत असते. चैत्रात आंब्याची डाळ, उन्हाळ्यात कैरीचा तक्कू, पावसाळ्यात जवसाची नाहीतर कारळाची चटणी, थंडीत ओल्या हळदीचं आणि आवळ्याचं लोणचं. 'रोज तेच खातो' असं आपण म्हणतो ते मधल्या पदार्थाकडे पाहून. कडेला नजर टाकली तर रोज अगदी तेच खाणारं घर सापडणं अवघड.

हे काही मराठी ताटाचं कौतुक करायचं म्हणून सांगत नाही. अभ्यासकांच्या हाती लागलेलं याच दिशेने जातं. आहार-संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली प्रयोगांतून दाखवलं, की पोटभर खाल्लेल्या पदार्थाची गोडी जितकी उतरते तितकी त्या बैठकीत न खाल्लेल्या पदार्थांची उतरत नाही. पोट भरणं वेगळं आणि एका चवीला विटणं वेगळं. ताटात चार चवी थोड्या-थोड्या असतील तर यातलं दुसरं लांबतं. त्याआधी, 1950च्या दशकात, अमेरिकी लष्कराच्या अन्न-संशोधकांनी तेच ते पदार्थ पुन्हापुन्हा वाढून पाहिले होते. डबाबंद मांसाचे पदार्थ लवकर नकोसे झाले, पावासारखे साधे पदार्थ टिकले. मानववंशशास्त्रज्ञ ऑड्री रिचर्ड्स यांचं 1939चं पुस्तक आजच्या झांबियातल्या बेंबा लोकांच्या आहारावर आहे. तिथे नाचणीची घट्ट उकड म्हणजे जेवण, आणि सोबत थोडंसं कालवण. भाजलेल्या मक्याची चार-पाच कणसं डोळ्यांदेखत फस्त केलेला माणूस नंतर 'आज दिवसभर अन्नाचा कण नाही' म्हणून ओरडतो, कारण उकड झालेली नसते. दोन मसाला डोसे खाऊन आलेला आपला माणूस 'जेवायचं राहिलंच आहे' म्हणतो, तो याच जातकुळीचा. मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिन्ट्झ यांनी 1985मध्ये बेंबांच्या या उदाहरणावरूनच मांडणी केली, की शेतीवर जगणाऱ्या बहुतेक समाजांत जेवणाच्या मध्यभागी एक सौम्य पिठूळ अन्न असतं आणि त्याच्या कडेला थोडंसं, पण झणझणीत असं काहीतरी. डाळ आणि तांदूळ एकमेकांच्या प्रथिनांतली उणीव भरून काढतात, हे आहारशास्त्राचं म्हणणंही खरं आहे. पण त्यातून वरण-भात पौष्टिक का हे कळतं. पौष्टिक आहे म्हणून आवडलेला पदार्थ शोधूनच काढावा लागेल.

आता सवयीचा आक्षेप. लहानपणापासून जे पानात पडलं तेच पुढे गोड लागतं, यात रचना वगैरे कसली, असं कुणी म्हणेल. पण महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाने दोन पिढ्यांत आपलं रोजचं धान्यच बदललं आहे. गव्हाची पोळी जिथे सणावारी होत असे तिथे हरितक्रांतीनंतर गहू रेशनवर आला, ज्वारीचं क्षेत्र आटत गेलं आणि पोळी रोजची झाली. गरिबाला एक रुपयात जेवण द्यायचं 1995मध्ये राज्य सरकारने ठरवलं, तेव्हा झुणका-भाकर निवडली; जानेवारी 2020मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली तिच्यात पोळ्या, भाजी, वरण आणि भात. पंचवीस वर्षांत सरकारी जेवणातली भाकरी जाऊन पोळी आली आणि त्यासाठी कुठे मोर्चा निघाला नाही. मधलं धान्य बदललं, कडेची चटणी जागेवर राहिली. सवय असलीच तर ती या मांडणीची आहे. दुसरा पुरावा जास्त बोचरा आहे, तो मेसचा. पुण्यातल्या मेसमध्येही पोळी, भाजी, वरण, भात हेच मिळतं. वारांप्रमाणे भाज्या ठरलेल्या, रविवारी 'फीस्ट'. कागदावर पाहिलं तर घरापेक्षा विविधता जास्तच. तरी एका सत्रात विद्यार्थी विटतात. सवय तर इथेही लागायला हवी होती. होतं असं, की सोमवारचा फ्लॉवर आणि गुरुवारचा मटार एकाच कांदा-टोमॅटो-गरम मसाल्याच्या रश्शात बुडतो. मधोमध सौम्य काही उरत नाही आणि डावी बाजू टेबलावरच्या लोणच्याच्या बरणीपुरती राहते. विविधता आहे, पण चुकीच्या जागी. तिसरा पुरावा म्हणून परदेशी निघालेल्यांच्या बॅगा पाहा. न्यू जर्सीत तांदूळ आणि तूरडाळ सहज मिळते. वजनकाट्यावर घासाघीस होते ती मेतकूट, गोडा मसाला, लसणाची चटणी आणि लोणच्यासाठी.

याहून अवघड आक्षेप गरिबीचा आहे. रोज तेच खाणं ही कुणाची आवड असते, कुणाची नाइलाजाची गोष्ट. आणि नाइलाजाला 'मला कंटाळा येत नाही' हे नाव देणं सोयीचं असतं. हा आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे. इथिओपियातल्या निर्वासितांच्या छावणीत 1984च्या सुमारास एक पाहणी झाली. तेच तीन पदार्थ सहा महिने खाणाऱ्यांना ते पदार्थ नुकत्याच आलेल्यांपेक्षा कमी रुचकर वाटत होते. 1972च्या दुष्काळात ज्यांनी सुकडीवर आणि आयात केलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढले, त्यांना मिलोचं नावही नको असतं. भाकरीच ती, मधोमध ठेवायचं सौम्य अन्नच, पण कडेला काहीच नाही. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकघराची जी नोंद आहे, तिच्यात तूप नाही, दूध नाही, तेल जपून. मी वर ज्याला टिकाऊपणा म्हटलं तो अपुरेपणा पुरा करण्याची सामग्री जवळ असणाऱ्यांचा. चटणी-लोणच्याची निवड नसेल तर तीच भाकरी शिक्षा होते. त्याच पुस्तकात रानातल्या भाज्यांपासून वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्यांपर्यंत डावी बाजू उभी करण्याची केवढी धडपड दिसते. भुकेबरोबरच कंटाळ्याशीही तो झगडा चाललेला होता, असं मला वाटतं. तेव्हा माझं विधान थोडं आवरतं घ्यायला हवं: रोजचं जेवण तेव्हाच कंटाळवाणं होत नाही, जेव्हा खाणाऱ्याच्या हाती थोडी तरी निवड उरलेली असते.

आणि एक आक्षेप स्वयंपाकघरातून येतो. जेवणारा विटत नाही हे ठीक, पण 'आज काय करू?' हा प्रश्न रोज सकाळी ज्या बाईला पडतो तिचं काय? वरणाला कुकरच्या तीन शिट्ट्या पुरतात. वेळ खातं ते कडेचं: खोबरं किसणं, दाण्याचं कूट करून ठेवणं, उन्हाळ्यात कैऱ्या फोडणं, पापड लाटणं, कुरड्या वाळत घालणं, ठेच्यासाठी मिरच्या भाजून रात्री हातांची आग सोसणं. जेवणाऱ्याच्या वाट्याचा कंटाळा नाहीसा झालेला नसतो, तो तिच्याकडे सरकवलेला असतो. 'काहीही कर, मला काहीही चालतं' हे वाक्य ऐकायला समजूतदार आहे, पण त्यात निवडीचंही काम तिच्याच गळ्यात घातलेलं असतं. घरच्या स्वयंपाकातलं पहिल्यांदा बाजारात गेलं ते नेमकं डावीकडचं, यात मला आश्चर्य वाटत नाही. लिज्जतचा पापड 1959 साली गिरगावात सात बायकांनी सुरू केला. लोणची, मसाले, मेतकूट, चटण्या दुकानांत आल्या, गावोगावचे बचत गट आज त्याच वस्तू विकतात. घरात फुकट होणाऱ्या कामाला बाजारात दाम आला, तेव्हा ते किती होतं हे निदान पाकिटावरच्या किमतीवरून कळलं. वरण मात्र अजून बहुतेक ठिकाणी घरीच शिजतं. पाकिटात न गेलेली डावीकडची एक गोष्ट म्हणजे कोशिंबीर. ती टिकत नाही, वाढायच्या वेळीच कालवावी लागते. काकडी चोचवायला मात्र स्वयंपाक यावा लागत नाही. पानावर बसून वाट पाहणाऱ्यालाही ते जमतं.