कोयता आणि गुप्ती

धारदार पाते अंगावर बाळगावयाचे ते कसे, हा प्रश्न मोच्याच्या दुकानातला आहे, तत्त्वचिंतकाचा नव्हे, असे वाचकांस वाटण्याचा संभव आहे. आम्हांसही कालपरवापर्यंत तसेच वाटत असे. परंतु बाळगणाऱ्याची सोय आणि समोरच्याची निर्धास्ती या दोहोंचा मेळ घालण्याचा हा प्रश्न असल्यामुळे तो अखेरीस नीतीच्याच प्रांतात जातो, असे आता आमचे मत झाले आहे.

सोयीचा शोध फार जुना होय. १९९१ साली आल्प्स पर्वतातील बर्फात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे शव सापडले. त्याच्याजवळ गारेच्या पात्याची लहानशी सुरी होती आणि तिला झाडाच्या अंतर्सालीचे विणलेले म्यान होते. फिनलंडमधील शेतकऱ्याच्या ‘पूक्को’ नामक सुरीचे चामडी म्यान पात्याबरोबर मुठीचाही बराचसा भाग गिळून टाकते. त्यामुळे सुरीस बंद लागत नाही, आणि म्यान पट्ट्याला सैल लोंबत असल्याने बसताना मांडीस टोचत नाही.

पण आमच्या मते या कलेतील खरी कमाल आमच्या कोकणात आहे. आजोळी, वेंगुर्ल्याजवळ, माडावर चढणारे गडी आम्ही लहानपणी रोज पाहत असू. कमरेला दोरीने बांधलेली आकडी आणि तीत पाठीमागे अडकविलेला कोयता. माडावर चढताना छाती व पोट बुंध्याशी येतात, गुडघे दुमडतात, दोन्ही हात गुंतलेले असतात. तेव्हा पात्याला निर्वेध जागा उरते ती पाठीचीच. या कोयत्याला म्यान नाही. तो उघडा. तरी असा गडी पडवीत येऊन कोयता खांबाशी ठेवी आणि पाणी मागे, तेव्हा घरातील पोरे त्याच्याभोवतीच घोटाळत असत. भय कोणासही वाटत नसे, कारण लपविलेले असे काहीच नव्हते.

आता आमच्या घरातील काठी. आजोबांकडून वडिलांकडे व वडिलांमागे आमच्याकडे आलेली ही वेताची काठी वस्तुतः गुप्ती होती. सोयीच्या दृष्टीने तिच्या तोडीचे काही नाही: कमरेला ओझे नाही, कोठे टोचणे नाही, शिवाय चालावयास आधार. ती घेऊन आम्ही कित्येक महिने सायंकाळी फिरावयास जात होतो. थोडी ऐटही वाटे, हे कबूल केले पाहिजे. एके दिवशी एका तरुणाच्या स्कूटरचा आम्हांस धक्का लागला. बोलाचाली वाढली, त्याने आमच्या वयाचा उद्धार केला आणि तो एक पाऊल पुढे आला. त्याच क्षणी आमच्या ध्यानात आले की, आमचा अंगठा मुठीखालच्या खटक्यावर गेला आहे.

पुढे काहीच झाले नाही. परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. त्या तरुणाला समोर एक प्राध्यापक व एक काठी एवढेच दिसत होते. आपले पाऊल किती पुढे टाकावे, हे ठरविण्याचा त्याचा आधारच आम्ही काढून घेतला होता. कोयता पाहणाऱ्याला तो आधार असतो.

उघडेपणाची ही कसोटी सर्वत्र लागू पडते काय? शिखांची कृपाण पुष्कळदा वस्त्राखाली असते, आणि राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने ती धारण करण्याचा हक्क मान्य केला आहे. पण ती असते हे जगाला ठाऊक असते, आणि ते ठाऊक होऊ नये अशी धारण करणाऱ्याची इच्छाही नसते. उलट २०२२-२३ च्या सुमारास पुण्याच्या वर्तमानपत्रांतून ज्या ‘कोयता गँग’ गाजल्या, त्यांतील पोरांच्या हाती शेतावरचेच हत्यार होते. आकडी जाऊन ते सदऱ्याखाली गेले एवढेच! शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख करताना घरगुती व शेतीच्या हत्यारांस वगळले आहे, आणि गुप्तीला मात्र तलवारीच्या पंक्तीत बसविले आहे. नियम करणाऱ्यांनी इंच मोजले हे ठीकच. गुप्तीचे नाव मुद्दाम घातले, यात अधिक शहाणपण आहे असे आम्हांस वाटते.

वडिलांची आठवण म्हणून ती निदान भिंतीवर तरी ठेवावी, असे घरातील मंडळींचे म्हणणे पडले. आम्ही ती पोलीस ठाण्यात नेऊन दिली. हल्ली साधी शिसवी काठी घेऊन फिरावयास जातो. तिच्या मुठीखाली अंगठा अजूनही अधूनमधून काहीतरी चाचपतो.