आतला म्हणजे नेमका कोण?

माझं गाव ब्राह्मणपुरी, तालुका शहादा. मी पुण्यात कोड लिहितो. एका रात्री मोबाईलवर जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांच्या १९७६ सालच्या, शहाद्याच्या चळवळीवरच्या लेखाबद्दल वाचलं. भिल्ल शेतमजुरांचा जमिनीसाठी, मजुरीसाठी लढा. अंबरसिंग महाराज, श्रमिक संघटना. शाळेत यातलं अक्षरही शिकवलं नव्हतं.

आधी रागच आला. आमच्याबद्दल लिहिणारी ही बाहेरची बाई कोण?

अभ्यासकांमध्ये हा वाद जुनाच आहे. घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवलं, तर मूळचे इंग्रज असलेले व्हेरियर एल्विन त्यांचं वेगळेपण जपा म्हणत होते. एक देशी, एक परदेशी. पण आदिवासी दोघांपैकी कुणीच नव्हतं.

मग लक्षात आलं, ‘आमच्याबद्दल’ म्हणताना मी शेतमालकाच्या ओट्यावरून बोलत होतो. आमचे सालदार काका भिल्ल, याच गावचे. त्यांच्या त्या दिवसांबद्दल मी कधी विचारलंच नाही. त्यांच्यासाठी बाहेरचा मीच.

बाहेरचा चुकतो, पण निदान विचारतो तरी. आतल्याला वाटतं, आपल्याला सगळं माहीतच आहे.

दिवाळीत घरी जाईन तेव्हा काकांना विचारेन. मालकाच्या पोराला ते खरं का सांगतील, हा प्रश्न उरतोच.