अनुशोच आणि निराशा

साधकाने आशा टाकावी असे शास्त्र सांगते, आणि प्रपंचातील वडीलधारी माणसे आशा सोडू नये असे सांगतात. मग उमेद धरणे हे साधकाला दूषण होय की भूषण, असा प्रश्न जिज्ञासूच्या मनात येणे साहजिक आहे.

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. शास्त्राने टाकावयास सांगितलेली आशा विषयाची आणि फळाची होय. ती टाकली म्हणजे जीव हलका होतो. व्यवहारात जिला निराशा म्हणतात तिच्यात मात्र हाव तशीच राहते. हवे ते मिळणार नाही, एवढा निश्चय तिला जोडलेला असतो. म्हणून खचलेल्या मनाला विरक्त समजू नये.

तीच गोष्ट अनुशोचाची. आपल्या दोषांचा अनुशोच साधकाने नित्य करावा. परंतु खरा अनुशोच जीवाला आचाराकडे परत नेतो. ‘आपल्याकडून काही होणारच नाही’ येथे येऊन थांबणारा विचार अनुशोचाचे वस्त्र पांघरलेला आळस होय.

याहून मोठा दोष असा की, असा विचार करणारा जीव नकळत सर्वज्ञपणाचा आव आणतो. जीव अज्ञ आहे. पुढचे त्याला ठाऊक नाही. मग उद्या वाईटच होणार हे त्याला कोणी सांगितले? जे जाणत नाही ते जाणले असे मानणे हे अन्यथाज्ञानच. उद्या चांगलेच होणार असे म्हणणाऱ्यालाही हा दोष लागतो, हे विसरू नये. खरी उमेद भाकीत करीत नाही. आज हाती असलेले काम ती सोडत नाही, एवढेच.

मोर्शी तालुक्यातील श्रीक्षेत्र रिद्धपूर याची साक्ष देते. परंपरेनुसार शके 1196 मध्ये श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. सन्निधान अंतरले, भक्तजनांना याहून कठीण प्रसंग तो कोणता? स्वामींच्या आज्ञेप्रमाणे मंडळी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेला लागली. भटोबासांचे दुःख ओसरले नव्हते. ते स्वामींच्या लीळा आठवीत असत. म्हाइंभटांनी त्या विचारून घेतल्या, ज्यांच्यासमोर त्या घडल्या त्यांच्याकडे जाऊन ताडून पाहिल्या, आणि वाजेश्वरीच्या स्थानी बसून लिहून काढल्या. ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ असा वियोगातून सिद्ध झाला. दुःख कोणी नाकारले नाही; दुःखाला काम दिले.

पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी गेली. तेव्हाही ‘सर्व संपले’ असे म्हणावयास जागा होती. परंतु हिराइसांसारख्यांना लीळा मुखोद्गत होत्या. अशा पाठांवरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. ज्या गावी हे लेखन झाले तेथे 2024 मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. लिहिणाऱ्यांना अथवा पाठ करणाऱ्यांना याची कल्पनाही नव्हती. त्यांनी आपल्या वाटचे तेवढे केले.

प्रपंचातील वासनिकांना याच परिसरातील दुसरा दाखला घेता येईल. मोर्शी-वरुडकडील बागाईतदार बहार धरण्यासाठी संत्र्याचे पाणी तोडतो. पाने मलूल होतात. नवख्याला बाग गेली असे वाटते. जाणता मनुष्य त्याला ताण म्हणतो आणि वेळ येताच पाणी देतो. मग फुले येतात. तथापि प्रत्येक मलूल झाड ताणावरच असते असे नव्हे. विहिरीचे पाणी खोल जाऊन बाग खरोखर वाळते, फळगळही होते. त्या हानीला हानीच म्हणावे. गळालेले फळ पुन्हा देठाला लागत नाही; उरलेल्या झाडांचे पाणी मात्र पाहता येते.

अमरावती जिल्ह्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख पाहिले आहे. म्हणून ज्याची बाग वाळली त्याला कोरडा उपदेश करू नये. त्याच्या बांधावर जाऊन बसावे, त्याचे ऐकावे, त्याला एकटे सोडू नये. खचलेल्याला स्वतःची उमेद उरलेली नसते. काही दिवस ती दुसऱ्याने सांभाळावी लागते. पोथी गेली तेव्हा पाठ दुसऱ्याच्या मुखी होते, त्याचप्रमाणे हे आहे.

रात्री निजण्यापूर्वी नामस्मरण करून दिवसाचे दोष आठवावे, त्यांचा अनुशोच करावा आणि उद्याचे एक काम निश्चित करावे. त्यापुढील सर्व परमेश्वराधीन आहे. निकाल देणे हे जीवाचे काम नव्हे.