तवक्कुल आणि चालढकल

“ब्रेक जरा खोल जातोय, पण ईद होऊ दे, मग गॅरेजमध्ये दाखवू.” असे म्हणून आपण प्रवासाची दुआ पढतो आणि मुलाबाळांसह घाट उतरायला निघतो. याला तवक्कुल म्हणावे काय?

उंट बांधून अल्लाहवर भरोसा ठेवू की मोकळा सोडून, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास सांगितले. तिर्मिजी यांच्या संग्रहातील ही हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे. आज उंटाच्या जागी गाडी आहे, एवढाच फरक. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषत राहते, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळू लागते. म्हणूनच अनेक उत्पादक ते सुमारे २ वर्षांनी बदलण्यास सांगतात. लांब उतारावर ब्रेक सतत दाबला की हे जुने तेल उकळते, नळीत वाफ धरते आणि पाय तळाला टेकला तरी गाडी थांबत नाही.

‘नादुरुस्त ब्रेकने गाडी चालवीन’ असा निश्चय कोणीच करत नाही. आपण केवळ ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो. चालढकलीचा खरा दोष हाच, की निर्णय न घेताच धोका पत्करला जातो, तोही दुसऱ्याच्या वतीने. पैसे आपले वाचतात. जीव मात्र मागे बसलेल्या मुलांचा आणि वळणावर उभ्या असलेल्या अनोळखी वाटसरूचा पणाला लागतो. त्यांची संमती आपण कधी घेतली?

अपघातानंतर ‘तकदीर’ म्हणून सुटता येत नाही. तकदीरवर ईमान आहेच, पण त्यामुळे आपले कर्तव्य संपत नाही. चुकून झालेल्या मनुष्यवधासाठीही सूरह अन्-निसाने (४:९२) प्रायश्चित्त आणि रक्तमूल्य सांगितले आहे. अजाणता घडलेल्या कृत्याची एवढी जबाबदारी, तर दोष ठाऊक असूनही केलेल्या हयगयीचे काय? शिवाय हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्कांचा प्रश्न आहे. ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क केवळ आपल्या तौबेने फिटत नाही.

कोणाची खरोखरच ओढाताण असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी ठेवावी आणि एसटीने जावे. त्यात कमीपणा नाही. ज्याची रोजीरोटीच गाडीवर आहे, त्याला दुरुस्तीसाठी कर्जे हसना देणे हे मोठे पुण्य आहे. दुआ जरूर पढावी; पण आपल्या हातात होते तेवढे करून मग अल्लाहपुढे हात पसरावेत.